लायडार सेन्सरसाठी ऊन, धुकं, पाऊस लॅबमध्ये खऱ्यासारखा तयार करता येतो का, की रस्त्यावर नेऊनच तपासावं लागतं?

करता येतो. उन्हाच्या बाबतीत तर लॅबमधली चाचणी रस्त्यापेक्षा जास्त खरी निघू शकते. अट एकच: तुम्ही तयार केलेली परिस्थिती सेन्सरच्या डोळ्याने मोजा, स्वतःच्या नको. याच मुद्द्यावरून मी अंबड एमआयडीसीतल्या एका कंपनीत वर्षभर भांडले आहे, त्यामुळे उत्तर लांबणार.

लायडार म्हणजे लेझरचे पल्स सोडून, ते वस्तूवर आपटून परत यायला किती वेळ लागला त्यावरून अंतर मोजणारा सेन्सर. आमचा ९०५ नॅनोमीटरचा, म्हणजे त्याचा लेझर माणसाच्या डोळ्याला न दिसणाऱ्या तरंगलांबीचा. यार्डात माल ओढणाऱ्या गाडीच्या नाकावर बसवायचा, समोर ३० मीटरवर काही आलं की ड्रायव्हरजवळ बझर वाजायचा. उन्हाची चाचणी का करतात ते तुम्हाला माहीत असणारच. समोरच्या वस्तूवर पडलेलं ऊन उलटून रिसीव्हरमध्ये शिरतं आणि आपला परत आलेला पल्स त्या गोंगाटात बुडतो. आमच्याकडे ४० मीटर लांबीची शेड होती. तिच्या एका टोकाला दहा टक्के परावर्तनाचा काळा बोर्ड उभा केला आणि त्यावर पांढऱ्या एलईडीचे फ्लडलाइट सोडले. बोर्डाजवळ लक्स मीटर (उजेड मोजायचं यंत्र) धरला तर आकडा एक लाख. भर दुपारचं ऊनही साधारण तेवढंच भरतं. सेन्सरला बोर्ड शेवटपर्यंत स्वच्छ दिसला.

मी तेव्हाच माझ्या वरिष्ठांना म्हणाले, "सर, लक्स हे माणसाच्या डोळ्याचं माप आहे. पांढऱ्या एलईडीतून ९०५ला जवळपास काहीच निघत नाही. सेन्सरच्या हिशोबाने ही शेड अंधारीच आहे."

"अगं, मीटर एक लाख दाखवतोय ना? आणि मे महिन्यात आपण बाहेर काढून बघणारच आहोत."

मे महिन्यात बाहेर काढला. दुपारी साडेबारा, कंपनीच्या मोकळ्या आवारात तोच बोर्ड, पायाखालचं डांबर मऊ झालेलं. सेन्सर पूर्ण अंतराला पास. "नाशिकच्या मेच्या उन्हात पास झाला, आता याहून खरं ऊन कुठून आणायचं?" असं म्हणून सरांनी रिपोर्टवर सही केली. त्या दिवशी माझ्याकडेही उत्तर नव्हतं.

डिसेंबरात पिंपळगावकडच्या एका गोदामातून तक्रार आली. काळ्या ताडपत्रीने झाकलेल्या क्रेटच्या थप्प्यांसमोर बझर फार उशिरा वाजतो. तोही अकरा ते दोनच्या दरम्यान. निफाड पट्ट्यातली थंडी, त्यामुळे सरांनी लगेच निदान केलं: काचेवर दव बसतंय. दुपारी एकला कुठलं दव? मी स्वतः गेले. गाडीच्या ड्रायव्हरने एका वाक्यात सगळं सांगितलं, "मॅडम, जाताना उशिरा वाजतो, येताना बरोबर वाजतो." दव किंवा धूळ असती तर दोन्हीकडे सारखाच घोळ झाला असता. मी गाडीशेजारून चालत गेले. गाडी उत्तरेला जायची तेव्हा सूर्य पाठीशी असायचा आणि थप्पीची आपल्याकडची बाजू उन्हात न्हालेली. परत येताना समोर थप्पीची सावलीतली बाजू.

तिथेच मेचं कोडंही सुटलं. नाशिक २० अंश अक्षांशावर. मेच्या तिसऱ्या आठवड्यात भर दुपारी सूर्य अगदी डोक्यावर असतो, उभ्या बोर्डाला ऊन नुसतं चाटून जातं. डिसेंबरच्या शेवटी दुपारचा सूर्य जेमतेम ४७ अंश चढतो, आणि दक्षिणेकडे तोंड केलेल्या उभ्या वस्तूवर थेट उन्हाचा जवळजवळ दोन तृतीयांश मारा होतो. म्हणजे घाम काढणाऱ्या मेमध्ये आम्ही सेन्सरला सोपा पेपर दिला होता. अवघड पेपर हिवाळ्यात होता.

परत येऊन मी एक डबी बनवली. नखाएवढा सिलिकॉन फोटोडायोड (प्रकाश पडला की वीज देणारा), पुढे फक्त ९०५च्या आसपासचा प्रकाश आत सोडणारा बँडपास फिल्टर, त्यापुढे काळ्या कागदाची नळी म्हणजे फक्त बोर्डच दिसावा, आणि एक लाख ओहमच्या रेझिस्टरवर साधा मल्टीमीटर. जानेवारीत दुपारी बोर्ड गच्चीवर नेऊन दक्षिणेकडे तोंड करून उभा केला. मीटरवर ८० मिलिव्होल्टच्या आसपास. तीच डबी, तोच बोर्ड खाली शेडमध्ये आणला आणि सगळे एलईडी लावले. डोळे दिपत होते, लक्स मीटर लाखावर, आणि माझ्या मल्टीमीटरवर एक मिलिव्होल्टसुद्धा नाही. नळीवर हात ठेवला, आकडा हलला नाही. मग हॅलोजन लावले. डबी ८० दाखवेपर्यंत ते पुढे सरकवत नेले. तेव्हा लक्स मीटर उन्हाच्या जेमतेम पाव भाग दाखवत होता, कारण हॅलोजनचा बहुतेक उजेड डोळ्याला न दिसणाऱ्या भागातच असतो. त्या उजेडात सेन्सरला काळा बोर्ड १९ मीटरपर्यंतच दिसला. गोदामाच्या यार्डात मी टेपने मोजलेलं अंतर १८ होतं.

सरांनी रिपोर्ट बदलला, पण कारणाच्या रकान्यात "हवामानातील बदल" असं लिहिलं. हवामान नव्हे, सर. आपण चुकीचं माप लावलं होतं. तुम्ही विद्यार्थी असाल किंवा नव्याने लॅब उभारत असाल, तर कुणी लक्स मीटर दाखवून "ऊन तयार झालं" म्हणेल तेव्हा त्यांना विचारा, ९०५ला किती? उत्तर आलं नाही तर चाचणी झालेली नाही. काळ्या रंगाचंही तेच. डोळ्याला काळी दिसणारी कितीतरी कापडं ९०५ला चांगली उजळ असतात. बोर्ड त्या तरंगलांबीला प्रमाणित केलेलाच घ्या.

अंतराचं थोडक्यात. लॅब ४० मीटर आणि चाचणी १०० मीटरची असेल तर पल्स ऑप्टिकल फायबरच्या गुंडाळीतून उशिरा परत देतात. १०० मीटरच्या जाण्यायेण्याला ६६७ नॅनोसेकंद लागतात, त्यासाठी साधारण १३६ मीटर फायबर पुरते. लांबून आल्यासारखा सिग्नल कमी करायला रिसीव्हरसमोर राखाडी फिल्टर मात्र लावू नका, त्याने ऊनही तेवढंच कमी होतं आणि निकाल खोटा चांगला येतो. फिल्टर लेझरच्या बाजूला.

धुकं याहून अवघड. धुक्यातली दृश्यमानता मोजताना प्रकाश ५ टक्क्यांवर येतो ते अंतर धरतात. ती ५० मीटर असेल तर ५० मीटरवर जाऊन परत आलेला पल्स ५ टक्क्यांचे ५ टक्के, म्हणजे पाव टक्काच उरतो, आणि वर जवळच्या थेंबांवरून उलटलेले खोटे बिंदू. लग्नात वापरतात ते धुराचं यंत्र आणू नका. त्याचे थेंब खऱ्या धुक्याहून बारीक असतात, गणित जुळत नाही. फ्रान्समध्ये क्लेर्मों-फेराँला सेरेमा या संस्थेकडे धुकं-पावसासाठी खास बोगदा आहे. कसारा घाटात जुलैत धुकं फुकट मिळतं, पण दहा मिनिटांपूर्वीचं पुन्हा मिळत नाही, म्हणून दोन सेन्सरची तुलना तिथे करायची असेल तर दोन्ही एकाच वेळी शेजारी लावा. पावसाबद्दल एवढंच, की छताच्या शॉवरमधून पडणाऱ्या मोठ्या थेंबांना खऱ्या पावसाचा वेग येत नाही.

काही गोष्टी राहिल्या. तुमचा सेन्सर १५५० नॅनोमीटरचा असेल तर माझी डबी निकामी, सिलिकॉनला तिथलं दिसत नाही, इंडियम गॅलियम आर्सेनाइडचा डायोड लागेल. लेझर डायोडची तरंगलांबी तापमानाबरोबर अंशाला साधारण ०.३ नॅनोमीटर सरकते, म्हणून हॅलोजनची चाचणी गार आणि तापलेल्या अशा दोन्ही सेन्सरवर करा. मे महिना निवडताना सरांनी उष्णतेची काळजी केली, ती चूक नव्हती. हॅलोजनसमोर बोर्ड तासभर विसरू नका, आमच्या एकाची कड करपली होती. आणि बाहेर जायचं सोडू नका. "जाताना उशिरा, येताना बरोबर" हे मला शेडमध्ये बसून कधीच कळलं नसतं. फक्त बाहेर नेताना तारीख, वेळ आणि बोर्डाचं तोंड कोणत्या दिशेला होतं ते वहीत लिहा. आमच्या मेच्या रिपोर्टात तापमान दशांशापर्यंत होतं, दिशा कुठेच नव्हती.