गुंतलेले केस आधी भिजवू नका

खुब्याचं हाड मोडल्यापासून तीन आठवडे आई अंथरुणात आहेत, कमरेपर्यंतच्या केसांचा मागे एक गोळा झालाय, न्हाणीघरापर्यंत नेणं शक्य नाही. आणि घरी येणाऱ्या नर्सताई म्हणाल्या, चेहऱ्याला लावायचं ते सौम्य स्किन क्लेन्झर कोरड्या केसांना चोळा आणि सोडवा. हे खरंच चालतं का, की असतील ते केसही जातील, असं तुम्ही विचारलंय.

चालतं. नर्सताईंनी योग्य सांगितलंय, फक्त 'कोरड्या केसांना' हे शब्द त्यांनी सहज म्हटलेले नाहीत. सगळी मेख तिथेच आहे.

पण त्याआधी एक काम करा. आईंना जरा कुशीवर वळवून डोक्याची मागची बाजू नीट बघा, तो गोळा उचलून खालची कातडी दिसेल अशी. उताणं पडून राहिलेल्या माणसाला बेडसोअर कंबरेखाली होतात हे सगळ्यांना माहीत असतं, डोक्याच्या मागच्या हाडावरही होतात हे पटकन लक्षात येत नाही, आणि केसांच्या गोळ्याखाली तर मुळीच दिसत नाहीत. ओलसर चिकटपणा, वास, लाल किंवा काळसर डाग, यातलं काही असेल तर गुंत्याचं राहू द्या, आधी डॉक्टरांना दाखवा. उवा-लिखाही तेव्हाच बघून घ्या. इस्पितळातून घरी आलेल्या माणसाच्या डोक्यात त्या असणं यात लाजण्यासारखं काही नाही.

आता माझी फजिती सांगते. माझ्या सासूबाई पडून होत्या तेव्हा त्यांच्याही केसांचं असंच झालं होतं. मी शहाणपणाने कोमट पाण्याचा तांब्या घेतला, केस चांगले भिजवले, शाम्पू लावला, फेस केला, चोळले. सुकल्यावर बघते तर सकाळी मऊ असलेला गोळा संध्याकाळी नारळाच्या शेंडीसारखा घट्ट. नाड्याची गाठ भिजली की काय होतं ते आठवा. कोरडी असताना नखाने सैल झाली असती ती गाठ ओली झाली की दाताने ओढूनही हलत नाही. मला हे परकराच्या नाड्याबद्दल लहानपणापासून माहीत होतं, केसांच्या बाबतीत सुचलं नाही एवढंच.

केसाच्या बाहेरच्या बाजूला खवले असतात, कौलारू छपरावरच्या कौलांसारखे एकावर एक, टोकाकडे तोंड केलेले. पाणी प्यायलं की केस फुगतो, जाडीत साधारण १५ टक्के, आणि ही कौलं जरा उचकटतात. एकमेकांत अडकलेले शेकडो केस असे फुगले आणि वर आपण त्यांना चोळलं, तर लोकरीचा स्वेटर गरम पाण्यात घुसळल्यावर जे होतं तेच इथे होतं. शिवाय ओला केस जास्त ताणला जातो आणि कमी जोरात तुटतो. म्हणजे गाठ पक्की होते आणि दोरा कच्चा. डाय लावलेले केस असतील तर आणखी वाईट, कारण खवल्यांवर मुळात असलेला तेलकट पातळ थर डायमध्ये बराचसा निघून गेलेला असतो.

आता ते क्लेन्झर. सेटाफिलसारखं, पांढरट, पातळ दह्यासारखं, फेस न येणारं. सेटाफिल मुळात १९४७ साली अमेरिकेत टेक्सासमधल्या एका फार्मासिस्टने बनवलं, संवेदनशील त्वचेसाठी. त्याची रीतच अशी की पाण्याने धुतलं तरी चालतं आणि नुसतं पुसून काढलं तरी चालतं. आपल्याला अंथरुणातल्या माणसासाठी नेमका हाच गुण हवाय. त्यात साबण नाही, मळ काढणारं सौम्य द्रव्य अगदी थोडं, आणि बाकी पाणी, ओलावा धरून ठेवणारा एखादा पदार्थ आणि सेटिल किंवा सेटेअरिल अल्कोहोल.

अल्कोहोल वाचून दचकू नका. हे स्पिरिटसारखं उडून जाणारं नाही, मेणासारखं पांढरं घट्ट असतं. शेवरल नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८१७ साली ते देवमाशाच्या डोक्यातून निघणाऱ्या मेणापासून वेगळं केलं, म्हणून नावात देवमाशाचा लॅटिन शब्द. आता ते पामतेला-खोबरेलापासून करतात. केसांच्या कंडिशनरला जो दाट बुळबुळीतपणा असतो तो बराचसा यांच्यामुळेच. दोन केसांच्या मध्ये हा थर गेला की ते एकमेकांवरून घसरतात. गुंता सुटतो तो या घसरण्याने. क्लेन्झरमध्ये दुसरी काही जादू नाही.

म्हणूनच बाटली बघून घ्या. 'जेंटल' हा शब्द हल्ली प्रत्येक फेसवॉशवर छापलेला असतो. तुम्हाला फेस न येणारं, लोशनसारखं हवं. मागच्या यादीत पहिल्या तीन-चार नावांत सेटिल किंवा सेटेअरिल अल्कोहोल दिसलं की समजा बरोबर आहे. पारदर्शक जेल, मुरुमांसाठीचं, सॅलिसिलिक अ‍ॅसिडवालं, दाणेदार स्क्रब, यातलं काही नको. सेटाफिलचाही फॉर्म्युला मध्ये बदलला. जुन्यात प्रोपिलिन ग्लायकॉल आणि सोडियम लॉरिल सल्फेट असायचं, नव्यात ग्लिसरीन, पँथेनॉल वगैरे आहे. दोन्हींनी गुंता सुटतो, पण आईंना कशाची अ‍ॅलर्जी असेल तर आदल्या दिवशी कानामागे थोडं लावून बघा.

मला हा प्रकार कळला तो उवांमुळे. मुलगी चौथीत असताना शाळेतून घेऊन आली होती. कॅलिफोर्नियातले त्वचारोगतज्ज्ञ डेल पर्लमन यांनी २००४ मध्ये एक पद्धत प्रसिद्ध केली होती. लोशन कोरड्या केसांना लावायचं, जास्तीचं विंचरून काढायचं, ड्रायरने वाळवायचं आणि रात्रभर ठेवायचं, म्हणजे उवा गुदमरतात. ते लोशन म्हणजे सेटाफिल क्लेन्झरच होतं असं नंतर त्यांनीच सांगितलं. त्या अभ्यासात तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, म्हणून मी त्याला उवांचं औषध म्हणून डोक्यावर घेणार नाही. पण तेव्हा हाताला लक्षात आलं की लोशन लावल्यावर लिखांची बारीक फणी मुलीच्या दाट कुरळ्या केसांतून न रडवता फिरतेय. सासूबाईंच्या वेळी दुसऱ्या खेपेला तेच आठवलं.

तर आता कसं करायचं. आईंचं जेवण, दुखण्याची गोळी झाल्यावर अर्ध्या तासाने बसा. उशीवर प्लास्टिक, त्यावर जुना टॉवेल. आईंना सोसेल तेवढं कुशीवर. गोळ्याला एकदम हात घालू नका. कडेचे सुटे केस आधी वेगळे करून त्यांच्या वेण्या घालून टाका, नाहीतर तेही गुंत्यात ओढले जातात. मग गोळ्याच्या खालच्या टोकाला चमचाभर क्लेन्झर, बोटांनी दाबत दाबत आत मुरवायचं. चोळायचं नाही, पोळीच्या कणकेला तेलाचा हात लावून दाबतो तसं दाबायचं. पाच-दहा मिनिटं तसंच राहू द्या.

सुरुवात टोकाकडून. टाळूपासून कंगवा खाली ओढला की वरच्या सगळ्या गाठी खाली जाऊन एकाच जागी बसतात. आधी बोटं, मग टोकदार दांडीच्या कंगव्याची दांडी. तिने गाठीतून दोन-दोन चार-चार केस उचलून बाहेर काढायचे. क्रोशाची सुई असेल तर त्याहून उत्तम. मोठ्या दातांचा कंगवा सगळ्यात शेवटी. आणि दुसऱ्या हाताने गाठ आणि टाळू यांच्या मधली बट मुठीत घट्ट धरायची. ओढ लागते ती आपल्या मुठीला, त्यांच्या टाळूला नाही. ही एक गोष्ट पाळलीत तर आई तुम्हाला दुसऱ्या दिवशी हात लावू देतील. क्लेन्झर वाळत आलं, हाताला खरखर लागली, की पुन्हा थोडं लावा. सुटलेल्या बटेची लगेच वेणी घाला आणि बांधून बाजूला ठेवा.

एका बैठकीला वीस-पंचवीस मिनिटं, त्याहून जास्त नाही. आम्हाला चार दिवस लागले आणि अर्धी बाटली. कंगव्यात केस बरेच येतील, तेव्हा घाबरू नका. रोज गळणारे पन्नास-शंभर केस इतके दिवस बाहेर पडलेलेच नाहीत, ते त्या गोळ्यातच अडकलेत.

कात्रीबद्दल. नातेवाईकांत कोणीतरी म्हणेलच, कशाला एवढी कटकट, बारीक कापून टाका. आमच्याकडेही म्हणाले. सासूबाई त्या दिवशी जेवल्या नाहीत. मला आधी हट्ट वाटला. मग कळलं की त्यांच्या लहानपणी घरात एक विधवा आत्या होती, लाल आलवणातली, दर पंधरवड्याला न्हावी यायचा तिचे केस काढायला. नवरा नुकताच गेलेल्या बाईला कोणी 'केस काढू' म्हणालं तर तिला काय ऐकू आलं असेल, ते मला तेव्हा उमजलं. म्हणून आईंना विचारल्याशिवाय कात्री नको, आणि त्या सुस्तावलेल्या असताना घाईने तर अजिबात नको. एखादी गाठ खरंच सुटत नसेल तर त्यांच्या परवानगीने तिला आडवी न कापता लांबीच्या दिशेने उभी चिरा, गाठीचे दोन-तीन तुकडे होतात आणि मग त्यातले बरेच केस वाचतात. महिनोन् महिने जुनी, दोरखंडासारखी झालेली जट असेल तर मात्र क्लेन्झर, तेल, काहीच कामाचं नाही. ती कापावीच लागते. आपल्याकडे त्यालाही देवीचं नाव देऊन बायकांना वर्षानुवर्षं ते ओझं वागवायला लावतात. अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या कार्यकर्त्यांना एकेका बाईची समजूत काढून जट कापावी लागते. तुमच्या आईंचा तीन आठवड्यांचा गुंता आहे, तो त्या जातीचा नाही. शेजारच्या कोणी तसं सुचवलं तर त्यांना चहा पाजून वाटेला लावा.

गुंता सुटला की क्लेन्झर काढायचं. पुसून चालतं हे खरं, पण ते गालाच्या बाबतीत. केसांत पुसणं म्हणजे कोमट पाण्यात पिळलेला पंचा तीन-चार वेळा बदलून, बट बट करून. डोक्याला राहिलं तर वाळून पांढरे पापुद्रे होतात, खाज येते, आणि मग सगळे कोंडा कोंडा करत बसतात. जमलं तर एकदा झोपूनच धुवा. टॉवेलची गुंडाळी करून मानेखाली, त्यावरून प्लास्टिकची पन्हळ करून खाली बादलीत सोडलेली, आणि मगाने पाणी. आता भिजवायला हरकत नाही, गाठ राहिलेली नाही. फक्त बोअरचं जड पाणी असेल तर शेवटचे दोन मग पिण्याच्या पाण्याचे घ्या, त्या क्षारांनी केस पुन्हा खरखरीत होतात. नंतर पूर्ण वाळवा, ओले केस उशीखाली दाबून ठेवू नका.

खोबरेल तेल का नको, असंही तुम्ही विचारलंय. नको असं नाही. खोबरेल केसाच्या आत शिरतं आणि धुताना केसातलं प्रथिन कमी जातं, हे मुंबईच्या मॅरिकोच्या प्रयोगशाळेतल्या रेळे आणि मोहिले यांनी २००३ मध्ये सूर्यफूल आणि खनिज तेलाशी तुलना करून दाखवलं होतं. कंपनी खोबरेल विकणारी आहे हे धरून चाला, तरी निष्कर्ष पटण्यासारखा आहे. अडचण वेगळीच आहे. भरपूर तेल घालून गुंता सुटतो, पण ते तेल काढायला दोन वेळा शाम्पू लागतो. तोवर उशी, अभ्रा, गादी तेलकट, धूळ चिकटलेली. हिंडत्या-फिरत्या माणसाला मी तेलच सांगेन.

आणि तुम्ही जाता जाता मुलीच्या कोरड्या कुरळ्या केसांसाठीही हेच वापरू का म्हणालात, तिथे माझं उत्तर 'नको' असं आहे. तिला साधा स्वस्त कंडिशनर आणा, न्हाताना भरपूर लावून, तो केसांत असतानाच मोठ्या दातांच्या कंगव्याने विंचरा. झिजलेल्या केसावर ऋण भार असतो आणि कंडिशनरमधल्या बेहेनट्रायमोनियम, सेट्रीमोनियम या पदार्थांवर धन, त्यामुळे ते धुतल्यावरही केसाला थोडे चिकटून राहतात. क्लेन्झरमध्ये तसं काही नाही. ते आहे तोवर निसरडं, धुतलं की संपलं. महागाचं औषध तिला कशाला? आणि हो, कपड्यांचा सॉफ्टनर पाण्यात मिसळून फवारा असं तुम्हाला कोणी सांगितलंय म्हणता, ते कोणाच्याच डोक्याला लावू नका.

सुटल्यावर आईंच्या दोन सैल वेण्या घाला, कानांच्या पुढून छातीवर येतील अशा. मागे अंबाडा किंवा एक वेणी नको, डोक्याखाली येते आणि पुन्हा तेच सुरू. घरात जुनी विरलेली रेशमी साडी असेल तर तिचा अभ्रा शिवा. सुती अभ्र्यावर केस घासतात. आम्ही सासूबाईंच्याच साडीचा शिवला होता, त्या येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायच्या.

आज मोठ्या गोळ्याला हात लावू नका. कानामागची एखादी लहान बट घ्या, चमचाभर क्लेन्झर, दहा मिनिटं. कशी सुटते, आईंना किती सोसतं ते बघा आणि उद्या इथे लिहा. टाळू लाल झाली असेल तर तेही लिहा.