इंग्रजीतला 'डुलाली' हा शब्द खरंच आपल्या देवळालीवरून आला का?

हो, 'डोकं फिरलेला' या अर्थाचा 'डुलाली' नाशिकजवळच्या देवळाली कॅम्पवरूनच ब्रिटिश सैनिकांच्या बोलीत गेला. मुदत संपलेले गोरे शिपाई मायदेशी जाणाऱ्या जहाजासाठी इथे येऊन थांबत. जहाजं साधारण हिवाळ्यातच सुटायची, म्हणून काहींचे कित्येक महिने नुसते वाट बघण्यात जात. ना काम, ना ठरलेली तारीख. मूळ प्रयोग 'डुलाली टॅप'. त्यातला टॅप म्हणजे आपला ताप, हिंदुस्तानीतून उचललेला! इंग्रजीचे मोठे शब्दकोशही हीच व्युत्पत्ती देतात. मात्र यावरून देवळालीच्या हवेला नावं ठेवू नका. चांगल्या हवेसाठीच तर इथे आरोग्यभुवनं उभी राहिली. शिपायांना छळलं ते रिकामपणाने आणि घरच्या ओढीने.