साइटवर पोकलेनचा फायनल ड्राइव्ह बदलता येतो का?

20 टनी पोकलेनची एक चेन ओढत नाही, ड्राइव्ह (चेन फिरवणारी मोटर आणि तिचा गिअरबॉक्स) जाग्यावरच बदलता येईल की मशीन ट्रेलरवर घालून बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत आणू, असं तुम्ही विचारलंय. जाग्यावर येतो की बदलता. जमीन टणक आणि सपाट हवी. उतारावर मात्र बोल्टला हात लावू नका, ड्राइव्ह सुटला की त्या बाजूचा ब्रेकही सुटला.

पण मी लिहायला बसलो ते तुमच्या शेवटच्या वाक्यासाठी: "ऑपरेटर म्हणतो, बूमनं उचलून धरतो, खाली काही घालायला नको." अगदी हेच आमचे साडू म्हणायचे.

खानापूरकडं जांभ्याच्या खाणीवर त्यांची मशीन होती. पावसाळा तोंडावर, भाडं बुडतंय, त्यामुळं घाई. बकेट जमिनीत दाबून एक बाजू उचलली आणि मला म्हणाले, "घुसा की पाव्हणं, मशीन काय पळून चाललीय?" मी पाना खाली ठेवला. हेल्पर कानडी पोरगं, तेही "ब्याड री" म्हणत मागं सरकलं. चार माणसांत वाद झाला. शेवटी रेल्वेचे जुने लाकडी स्लीपर आणून ट्रॅक फ्रेमखाली, म्हणजे चेन ज्या सांगाड्यावर फिरते त्याखाली, आडवे-उभे रचले. वर बोटभर फट राहिली होती, तेवढ्यात जेवायची हाक आली. परत येऊन बघतो तर फट गायब, फ्रेम स्लीपरवर बसलेली. कुणी लिव्हरला हात लावला नव्हता. सिलिंडरचं सील आणि व्हॉल्व आतून तेल सोडतात, बूम हळूहळू दाब सोडतो. बाहेरून थेंबही दिसत नाही.

साडू अजून म्हणतात, "थोडीशीच तर उतरली." खाली हात असता तर थोडंसंच पुरलं असतं.

चेन सैल करताना तिला ताणून धरणाऱ्या ग्रीसचा व्हॉल्व एकच आटा फिरवा, तोही बाजूला उभं राहून. त्या दाबाची ग्रीस कातडीतून आत शिरते, जखम टाचणीएवढी दिसते आणि बोट कापायची पाळी येते. आयडलरमागची (चेनच्या पुढच्या टोकाच्या चाकामागची) स्प्रिंग तर खोलूच नका. पाइप सोडण्याआधी बकेट टेकवून, इंजिन बंद करून लिव्हर हलवा, हायड्रॉलिक तेलाच्या टाकीची हवा काढा. ड्राइव्ह मोटरसकट 300 किलोच्या आसपास भरतो, माणसं लावून उचलायची वस्तू नव्हे ती.

आणि हो, हे खरं तर आधी सांगायला हवं होतं: ड्राइव्हच गेलाय हे नक्की का? डाव्या-उजव्या मोटरचे पाइप अदलाबदल करून बघा. दोष दुसऱ्या बाजूला गेला तर मोटर चांगली आहे, वर स्विव्हल (वरून खाली तेल नेणारा फिरता सांधा), व्हॉल्व नाहीतर पंप बघा. नवा बसवलात तर केस ड्रेनची लाइन (मोटरमधलं झिरपलेलं तेल टाकीत परत नेणारा पाइप) साफ करा आणि मोटरमध्ये तेल भरूनच चालू करा, नाहीतर नवाही जाईल.

बोल्टचा टॉर्क तुमच्या मॉडेलच्या पुस्तकात बघा, माझ्यावर जाऊ नका. टॉर्क रेंच नसेल तर भाड्यानं आणा. पान्याला लांब पाइप घालून "आवळलं की" म्हणणारे आमच्या घरात एक आहेत, तेवढे पुरे.