‘हौशी’ म्हणजे कच्चा नव्हे, बिनपगारीही नव्हे

प्रश्न असा आला आहे : अमेरिकेतल्या कॉलेज खेळाडूंना आता पैसे मिळणार, या बातमीत ‘अमॅच्युअर’साठी, म्हणजे पैसे न घेता खेळणाऱ्यासाठी, एका ठिकाणी ‘हौशी’ तर दुसरीकडे ‘नवोदित’ वाचलं. बरोबर कोणतं?

‘नवोदित’ साफ चूक. नवोदित म्हणजे नुकता उगवलेला, पैशाशी त्याचा काडीचा संबंध नाही. पण मला खरा राग आहे तो ‘हौशी’ या शब्दाच्या चाललेल्या हालांचा. सामन्याचं धावतं वर्णन ऐका. झेल सुटला की ‘अगदीच हौशी क्षेत्ररक्षण’, दोघे फलंदाज एकाच टोकाला धावले की ‘हौशी चूक’. अहो, हौस असलेला माणूस उलट जीव ओततो. राज्य नाट्य स्पर्धेसाठी ऑफिस सुटल्यावर रात्री अकरापर्यंत तालमी करणाऱ्या हौशी मंडळींना जाऊन विचारा.

हौस आली अरबी ‘हवस’वरून, फारसीमार्गे. ‘व’ मागच्या ‘अ’मध्ये विरघळला; गवळणची गौळण आणि चवथाचा चौथा होतो, तसाच. हिंदीत ‘हवस’ वासनेच्या चिखलात रुतली आणि आपल्याकडे तोच शब्द डोहाळजेवणाला, वरातीला, नव्या लुगड्याला जाऊन बसला. ‘हर्ष’वरून ‘हौस’ काढायचा मोह ज्यांना होतो त्यांनी हे सांगावं, की मग ‘हरीख’ आणि ‘हरखणं’ कुठून आलं? हर्षाचा वंश तिकडे नांदतो आहे. प्रत्येक गोड शब्द संस्कृतच्याच ओटीत घालायचा हट्ट सोडा.

अमॅच्युअरचं मूळही लॅटिनमधल्या ‘प्रेम करणं’ या क्रियापदात आहे, म्हणजे व्युत्पत्तीने ‘हौशी’ हा चोख प्रतिशब्द. बिघडवलं ते इंग्लंडमधल्या साहेबलोकांनी. हेन्लीच्या नौकाशर्यतीच्या १८७९च्या नियमांत कारागीर आणि मजूर अमॅच्युअर ठरूच शकत नव्हते. कामगाराचं खेळावर प्रेम नसतं का? शब्द प्रेमाचा, वापर मात्र दारावर पहारा ठेवण्यासाठी. वर दाखला द्यायचे प्राचीन ग्रीकांचा, की तिथले खेळाडू केवळ मानासाठी खेळत.

इथे मला ‘अ‍ॅथलीट’ हा शब्द समोर ठेवायचाच आहे. ग्रीक ‘आथ्लोन’ म्हणजे बक्षीस, आणि अ‍ॅथलीट म्हणजे बक्षिसासाठी झुंजणारा. अथेन्सच्या पॅनअथेनाइक स्पर्धेत विजेत्यांना ऑलिव्हच्या तेलाने भरलेले मातीचे उंच कुंभ मिळत, एकदोन नव्हे, ढिगाने. ते तेल विकून पैसा करता येई. एका बाजूला ढाल-भालाधारी अथेना, दुसऱ्या बाजूला धावणारे किंवा कुस्ती खेळणारे गडी, आणि अथेनाच्या शेजारी उभी ओळ : ‘टोन अथेनेथेन आथ्लोन’, म्हणजे ‘अथेन्सच्या बक्षिसांपैकी’. तोच शब्द, कुंभावर रंगवलेला! माझं तर ठाम मत आहे की ‘अमॅच्युअर अ‍ॅथलीट’ हा जोडशब्द मुळातच स्वतःशी भांडतो. अमेरिकेच्या जिम थॉर्पने १९१२मध्ये स्टॉकहोमच्या ऑलिंपिकमध्ये पेंटॅथलॉन आणि डेकॅथलॉनची सुवर्णपदकं जिंकली. पूर्वी थोड्या पैशांवर बेसबॉल खेळला, म्हणजे अमॅच्युअर नाही, म्हणून पुढच्याच वर्षी ती काढून घेतली. दोन्ही स्पर्धांच्या नावातच ‘आथ्लोन’ बसलेलं आहे!

आता कॉलेजं. तिथल्या खेळांचा कारभार पाहणाऱ्या एनसीएएने १९५०च्या दशकात ‘स्टुडंट-अ‍ॅथलीट’ हा शब्द मुद्दाम रुजवला. आपल्याकडे त्याचं ‘विद्यार्थी-खेळाडू’ असं भाबडं भाषांतर होतं. कॉलेजसाठी खेळताना जखमी झालेले खेळाडू नोकर ठरले असते तर भरपाई द्यावी लागली असती, ती टाळायला ही जोडणी. संस्थेचे तेव्हाचे प्रमुख वॉल्टर बायर्स यांनीच पुढे १९९५मधल्या आपल्या पुस्तकात हे सांगून टाकलं. १९५५मध्ये फोर्ट लुईस कॉलेजकडून अमेरिकन फुटबॉल खेळणारा एक जण सामन्यातल्या दुखापतीने गेला. त्याच्या पत्नीने भरपाई मागितली, आणि १९५७मध्ये कोलोरॅडोच्या सर्वोच्च न्यायालयाने नाही म्हटलं, कारण कॉलेज काही फुटबॉलच्या धंद्यात नव्हतं. एका जोडशब्दाआड किती काय लपवता येतं ते इथे दिसतं.

तेव्हा या बातम्यांत ‘हौशी’ नको. हौस मनाची असते. एनसीएएचा नियम खिशापुरता होता. रोज पहाटे व्यायाम, दिवसभर सराव, भरलेली स्टेडियमं, दूरचित्रवाणीचे करार, आणि खेळणाऱ्याला शिष्यवृत्तीपलीकडे फारसं काही नाही, याला ‘बिनपगारी’ म्हणा. २०२१पर्यंतच्या बातम्यांना तो शब्द चपखल बसतो. त्या वर्षी १ जुलैपासून खेळाडूंना स्वतःच्या नावावर आणि चेहऱ्यावर कमाई करायची मोकळीक मिळाली, आणि जून २०२५मध्ये मंजूर झालेल्या समझोत्यानंतर कॉलेजं त्यांना थेट पैसे देऊ लागली. त्यापुढच्या बातमीत नुसतं ‘कॉलेजचे खेळाडू’ लिहा, पुरे.