पार्टिशनपलीकडचं

प्रिय,

तू तुझ्या लहानपणावर लिहिलेली चाळीस पानं दोनदा वाचली. सोबतच्या चिठ्ठीत विचारलंयस, "माझं रडगाणं कोण कशाला वाचेल?" वाचतात गं लोक, त्याची काळजी नको. दादरच्या एका वाचनालयात मी सव्वीस वर्षं काउंटरवर बसले. हालअपेष्टांच्या बालपणाची पुस्तकं कपाटात टिकायची नाहीत. परत करताना पुस्तकाबद्दल कुणी फारसं बोलत नसे. एक बाई मात्र "आमच्या शेजारी पण..." एवढंच म्हणाल्या आणि पिशवीतली कोथिंबीर नीट करत राहिल्या.

मी परळच्या चाळीतली. दोन बिऱ्हाडांच्या मध्ये लाकडी पार्टिशन. पलीकडे पट्टा निघाला की आमच्याकडे रेडिओचा आवाज वाढायचा. सकाळी नळावर त्यावर चकार शब्द नाही. मला वाटतं, वाचक तिथूनच येतो. दुसऱ्याचं दुःख चाखायलाही येतो थोडा, खोटं कशाला बोलू? पण तेव्हा आपण गप्प बसलो, त्या पोराचं पुढे काय झालं, हे त्याला कुठेतरी खात असतं. पुस्तक हातात घेतलं की निदान एवढं कळतं, की ते पोर जगलं आणि आता स्वतः सांगतंय.

1978 साली आलेलं दया पवारांचं आत्मकथन 'बलुतं' पुन्हा काढून बघ. त्यात दगडू मारुती पवार आपली कहाणी दया पवारांना सांगतो. माणूस एकच, पण भोगलेला वेगळा आणि ऐकून घेणारा वेगळा. तुझ्या पानांत हे दुसरं माणूस मला सापडलं नाही. तुझे बाबा पहिल्या ओळीपासून आरोपीच्या पिंजऱ्यात आणि तू वकील. सतराव्या पानावर मारून झाल्यावर ते तुझ्या दप्तराचा तुटलेला बंद शिवतात, ते मात्र एका ओळीत उरकलंस! सगळ्या चाळीस पानांत मी अडखळले ती तिथेच. तेवढं सविस्तर लिही. त्यांना माफ कर असं मी म्हणत नाहीये.

आणि शेजारच्या काकू अजून त्याच खोलीत राहतात ना? एकदा जाऊन ये. चहा घे आणि त्यांना काय ऐकू यायचं ते विचार. त्या विषय बदलतील. कशावर नेला, तेही लिहून आण.

तुझी,
मावशी