रेडिओ खांबावर चढवण्याआधी

भाऊ, पंप आणि शेततळ्यामधला डेटा बिनतारी नेणारे दोन्ही रेडिओ आधी टेबलावर जोड. अँटेना किंवा डमी लोड (अँटेनाऐवजी पॉवर शोषून घेणारा जोड) लावल्याशिवाय वीज देऊ नकोस, आउटपुट जळतं. नेटवर्क आयडी, बॉड रेट (डेटाचा वेग), पॅरिटी (चूक तपासायचा बिट), मॉडबसचा, म्हणजे यंत्रांच्या आपसातल्या भाषेतला, स्लेव्ह नंबर (प्रत्येक यंत्राचा पत्ता) तिथंच जुळव; खांबावर चढून लॅपटॉप उघडायची वेळ येऊ नये.

बाहेरून स्वस्तात आलेला ९०२-९२८ मेगाहर्ट्झचा सेट घेऊ नकोस. आपल्याकडे विनापरवाना ८६५-८६८ चालतो, तोही १ वॅट ट्रान्समीटर आणि ४ वॅट ईआरपीच्या (अँटेनाचा गेन धरून बाहेर पडणाऱ्या पॉवरच्या) मर्यादेत. जास्त गेनची, म्हणजे सिग्नल एका दिशेला एकवटणारी, अँटेना लावलीस तर पॉवर कमी कर.

आता खरी गोष्ट. तापीकाठच्या पंपापासून शेततळ्यापर्यंत समोरचा खांब दिसला म्हणजे लिंक झाली असं नाही. २ किलोमीटरच्या लिंकला मध्यावर दोन्ही अँटेनांना जोडणाऱ्या सरळ रेषेभोवती साधारण ८ मीटर मोकळं लागतं. रावेर-यावलकडे केळी लहान असताना सिग्नल झकास येतो, बाग वाढली की पडतो. मी हे भोगलंय, सगळा खांब पुन्हा उंच करावा लागला. म्हणून रिसीव्हरच्या संवेदनशीलतेपेक्षा (त्याला पकडता येणाऱ्या सर्वात कमी सिग्नलपेक्षा) २० डीबी, म्हणजे शंभर पट, तरी जास्त सिग्नल हातात ठेव.

कनेक्टरला सेल्फ-अमाल्गमेटिंग टेप (स्वतःलाच चिकटून एकजीव होणारी रबरी टेप) गुंडाळ, केबलला खाली पाणी गळायला वळसा दे. लाइटनिंग अरेस्टर (विजेपासून रेडिओ वाचवणारा) आणि अर्थिंग मात्र पैसे वाचवायला कधीच सोडू नकोस. आणि रेडिओची पेटी सावलीत बसव, मे महिन्यातलं जळगावचं ऊन तुला माहीत आहेच.