कानामागचा काळा ठिपका

प्रिय राणू,

शनिवारी ग्रीनरूममध्ये तू मला विचारलंस, "आई, आधी एवढं छान तयार केलंस, आणि मग मला घाण का केलंस?" शेजारी दोन-तीन आया आपापल्या मुलींच्या केसांत पिना खोचत होत्या. त्यांना मराठी कळत नव्हतं, तरी मी वरमले. "काही नाही, उगीच," असं म्हणून तो ठिपका मी वाईपनं पुसून टाकला. तेव्हापासून ते 'उगीच' मला डाचतंय, म्हणून हे लिहिते आहे. वाचताना अडलीस तर बाबाकडून वाचून घे.

तुझ्या बॅलेच्या टीचरनी यादी पाठवली होती. गुलाबी टाइट्स, घट्ट अंबाडा, अंबाड्यावर जाळी, नखांना रंग नको, कानात काही नको. आपण सकाळी आठपासून लागलो होतो. पाणी मारून, जेल लावून तुझे केस मागे ओढले तरी कपाळावरची ती एक बट काही बसेना. शेवटी तिथे एकावर एक तीन पिना लावल्या. तू आरशात पाहून हसलीस आणि माझा हात आपोआप आयलायनरच्या पेन्सिलकडे गेला. कानामागे टेकवला ठिपका. तिथे कुणाला दिसणार नाही, असं मला वाटलं होतं. आमच्या लहानपणी दिसत नसे, कारण दोन वेण्या वर दुमडून रिबिनीनं बांधल्या की कान पार झाकून जात. अंबाड्यात कान उघडा राहतो, हे माझ्या लक्षातच आलं नाही.

आमच्या घरी काजळ मोठी माय करायची. एरंडेलाच्या दिव्यावर तांब्याचं ताट उपडं धरायचं, रात्रभर जमलेली काजळी खरवडून तुपात कालवायची आणि डबीत भरायची. तिची करंगळी कायम काळी असे. दारातून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक पोराला ती अडवायची, "थांब वं माय, काजय लाई देस." अहिराणीत, म्हणजे आमच्या खान्देशी बोलीत, काजळाला काजय म्हणतात, जिजीच्या, माझ्या आईच्या, तोंडून तू ऐकलं असशील.

मी पाचवीत असताना अमळनेरला आमच्या शाळेच्या संमेलनात टिपऱ्यांचा नाच होता. गाणी आमची रोजचीच, गुलाबाईची, म्हणजे आमच्याकडच्या पार्वतीची. भाद्रपदाच्या पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत महिनाभर रोज संध्याकाळी आम्ही पोरी घरोघर गुलाबाईपुढे ती म्हणायचो, टिपऱ्या खेळायचो आणि शेवटी झाकलेल्या डब्यातला खाऊ ओळखायचो. पण स्टेजवर, दिव्यांच्या उजेडात, ते पहिल्यांदाच करायचं होतं. जानेवारीची थंडी होती. जिजीनं मामीचं हिरवं नऊवारी मला नेसवलं. मी केवढीशी, लुगडं केवढं! निम्मं कमरेतच खोचलेलं. सतरा ठिकाणी सेफ्टी पिना, आणि प्रत्येक पीन लावताना ती आपलं बोट मध्ये धरायची, मला टोचू नये म्हणून. दुपारी तिनं पऱ्हाट्यांवर, कापसाच्या वाळक्या काड्यांवर, भरिताची वांगी भाजली होती. हाताला तो धूर तसाच होता. आजही कुठे भाजक्या वांग्याचा वास आला की मला आधी तो नाच आठवतो, भरीत नंतर.

सगळं झाल्यावर ती दोन पावलं मागे सरली, मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि गालावर हा एवढा तीट लावला.

शाळेत गेल्यावर एक मुलगी म्हणाली, "तू काय तान्हं बाळ आहेस का?" मी नळावर जाऊन रुमाल ओला केला आणि गाल घासला. घरचं काजळ ते, तुपातलं. पाण्यानं कसलं जातंय? अर्धा गाल काळा झाला. बाईंनी वरून पावडर थापली, तर राखाडी दिसायला लागला. तशीच नाचले. जिजी पुढे बायकांच्या सतरंजीवर बसली होती. तिनं ते पाहिलंच असणार.

घरी येताना ती त्याबद्दल काही बोलली नाही. छान नाचलीस, असंही म्हणाली नाही. एवढंच विचारलं, "पाय दुखतस का?" रात्री मीठ, मोहरी आणि लाल मिरच्या माझ्यावरून उतरवून चुलीत टाकल्या. नजर लागली असेल तर मिरची ठसकत नाही म्हणतात. त्या रात्री आम्ही सगळे खोकून खोकून बेजार झालो, म्हणजे कुणाचीच लागली नव्हती. तिला मात्र केवढं बरं वाटलं होतं.

राणू, आमच्याकडे लेकीचं कौतुक तोंडावर करत नसत. तू चार वर्षांची असताना आपण कानबाईला, आमच्या खान्देशातल्या देवीच्या सणाला, गावी गेलो होतो, आठवतं? नागपंचमीनंतरचा रविवार होता. कानबाई म्हणून मांडलेल्या नारळाला नथ घातलेली पाहून तू विचारलं होतंस, "याला नाक कुठे आहे?" त्या कानबाईच्या रोटाला, म्हणजे प्रसादाला, घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ गहू घेतात. तुझ्या मामाच्या नावाचा असायचा, माझ्या नावाचा कधी नसायचा. लहानपणी ते मला फार लागायचं, आणि ते बरोबर होतं असं आजही मी म्हणणार नाही. पण सोमवारी कानबाई डोक्यावर घेऊन नदीकडे निघाली की तिच्यापुढे बायाच नाचायच्या. एरवी डोक्यावरचा पदर ढळू न देणारी मोठी मामीसुद्धा. आणि दारातून निघताना काजळ मात्र पोराला लावायचं तेवढंच पोरीलाही. जिजीनं मला 'सुंदर दिसतेस' असं कधी म्हटलेलं आठवत नाही. तीट मात्र ती न चुकता लावायची. तुला जो डाग वाटला, त्याची मी घरात वाट बघायचे आणि शाळेत पुसायचे.

माझा नजरेवर विश्वास आहे का? नाही, असं मी तुझ्या बाबाला शंभर वेळा सांगितलंय. तरी हात गेलाच. आणि मला भीतीही वाटते. छान दिसलं, आनंद झाला की काहीतरी वाईट होईल म्हणून लगेच तो झाकायचा, ही सवय या ठिपक्याबरोबर मी तुझ्या हाती देतेय की काय? ती तुला लागू नये. तू स्टेजवर मान वर करून उभी होतीस, तशीच राहा. तुझ्या मैत्रिणींच्या आया मोठ्यानं सांगतात, तुझा किती अभिमान वाटतो म्हणून. मला तसं बोलता येत नाही, शनिवारीही आलं नाही. फुलं तुझ्या हातात दिली आणि पार्किंगमध्ये पोचेपर्यंत मी नुसतं "चल, चल" करत होते. म्हणून इथे लिहिते, तू फार सुंदर नाचलीस. तिसऱ्या नाचात तुझ्या पुढची मुलगी चुकली, तरी तू थांबली नाहीस. ते मी पाहिलं.

डिसेंबरच्या कार्यक्रमाला आधी विचारीन. नको म्हणालीस तर नाही लावणार, खरंच. हवा असेल तर तळपायाला लावू, टाइट्सच्या आत. मोठी माय तान्ह्या बाळांना तिथेही लावायची.

जिजीला तुझे फोटो पाठवले. तिचा लगेच फोन आला. अंबाड्याबद्दल नाही, ड्रेसबद्दल नाही. "पोरना पाय दुखतस का?" म्हणाली. तू झोपली होतीस. उद्या तूच तिला फोन करून सांग.

तुझी,
आई